निम्म्या किमतीत : दुकानाची पाटी, काच आणि शब्द

१९८८ सालच्या आषाढात मी पैसे घेऊन आयुष्यातली पहिली पाटी रंगवली. पाटी कसली, दहा हात मांजरपाट होते. तालुक्याच्या गावातले कापडाचे दुकान, बाहेर पावसाची झड, आणि दुकानदाराने चिटोऱ्यावर लिहून दिलेला मजकूर : 'भव्य सेल. सर्व माल निम्म्या किमतीत (निवडक).' कंसातला शब्द कुठे बसवू, असे मी विचारले. ते म्हणाले, "टाक रे कुठेतरी कोपऱ्यात." मी टाकला. बाकीची अक्षरे वीतभर उंच, आणि 'निवडक' हा शब्द बोटाच्या पेराएवढा.

तिसऱ्या दिवशी मजुरीचे उरलेले पैसे घ्यायला गेलो, तेव्हा गादीसमोर एक म्हातारी बसली होती. नातीच्या डोहाळजेवणासाठी हिरवी साडी तिने पसंत केली होती आणि कनवटीचे पैसे मोजून ठेवले होते. ते बरोबर निम्मे होते. दुकानदार म्हणाले, "आजी, ही साडी सेलमधली नाही. बाहेर लिहिलंय की तसं." ती म्हणाली, "मला एवढं बारीक कुठं दिसतंय, बाबा? मोठं लिहिलेलं नातवानं वाचून दाखवलं, तेवढ्यावर आले." मग तिने पैसे पुन्हा फडक्यात बांधले आणि एसटीची वेळ विचारून ती उठली.

त्या दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. असे दुकान प्रत्येक गावात असते, आणि लिहिणारा हात तर माझाच होता. पुढे काही वर्षे पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर ते काम गेले, नोकरी धरली. पण दुकानांच्या पाट्या वाचायची, त्या वहीत उतरवून घ्यायची खोड सुटली नाही. या विषयाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. वह्या, जुनी पुस्तके आणि बाजारातल्या फेऱ्या एवढ्याच भांडवलावर हा लेख उभा आहे. दुकानाची पाटी आणि काचेची खिडकी नेमके काय काम करतात, आणि ते काम चांगले केव्हा होते, हे त्यात समजून घ्यायचे आहे.

गादीवरून काचेकडे

आपल्याकडच्या जुन्या कापड दुकानाला खिडकी नव्हती, कारण तिची गरज नव्हती. पांढरीशुभ्र गादी, लोड, मागे फळ्यांवर रचलेले तागे. गिऱ्हाईक चपला काढून वर बसे आणि दुकानदार विचारी, "काय दाखवू?" मग एकामागून एक घड्या मोडल्या जात. माल आत आणि त्याचे वर्णन दुकानदाराच्या तोंडी. भावही तोंडीच. तो माणूस बघून सांगितला जाई आणि घासाघीस होऊन ठरे.

अशा दुकानावर 'पन्नास टक्के सूट' अशी पाटी लावताच येत नाही. सूट द्यायची तर आधी किंमत ठरलेली हवी, आणि ती दोघांनाही माहीत हवी. म्हणजे सेलच्या पाटीचा खरा पूर्वज 'एकच भाव' ही पाटी आहे. पॅरिसच्या 'बाँ मार्शे' या दुकानात आरिस्तिद बुसिको हे १८५२ साली भागीदार झाले. मालावर किमतीची चिठ्ठी लावायची, सगळ्यांना तोच भाव सांगायचा आणि न आवडलेला माल परत घ्यायचा, ही पद्धत त्यांनी तिथे रुजवली. ती रुजल्यावर भाव उतरवणे ही उघडपणे सांगायची गोष्ट झाली. घासाघिशीत मिळालेली सवलत एका माणसाची असते आणि ती कानात सांगितली जाते. पाटीवरची सवलत मात्र रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाची असते.

काचेचे मोठे तक्ते स्वस्त झाले तसे गादीवरचे बोलणे रस्त्याकडे वळले. शिकागोत १८९७ साली 'द शो विंडो' नावाचे मासिक निघाले. दुकानाच्या खिडक्या कशा सजवाव्यात, एवढाच त्याचा विषय. त्याचे संपादक एल. फ्रँक बॉम. ओझच्या जादूगाराची जी गोष्ट जगभरची मुले वाचतात, तिचेच हे लेखक. ती गोष्ट आणि खिडकी-सजावटीवरचे त्यांचे पुस्तक, दोन्ही १९०० सालचीच. मला हा योगायोग वाटत नाही. थांबलेल्या माणसाला पुढे काय आहे ते बघावेसे वाटणे, हीच दोन्हींची युक्ती.

१९०९ च्या मार्चमध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सेल्फ्रिजेस उघडले. त्याच्या खिडक्या दुकान बंद झाल्यावरही दिव्यांनी उजळलेल्या राहत. त्याच वर्षी काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि आपण आज हातात धरली आहे ती परंपरा सुरू झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी दिवाळी अंकाचे रंगीत मुखपृष्ठ स्टॉलवर टांगलेले पाहिले, की मला ती एक छोटी दुकान-खिडकीच वाटते.

मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी मार्गावर, युरोपीय धाटणीची मोठी दुकाने होती. व्हाइटअवे लेडलॉ हे त्यांतले एक. पुढे त्याच इमारतीत खादी भांडार आले. त्या रस्त्यावरच्या इमारतींना पादचाऱ्यांसाठी कमानींचा ओटा आहे. पाऊस-उन्हापासून आडोसा हा त्याचा उघड फायदा. दुसरा फायदा काचेचा, आणि तो कळण्यासाठी काच कशी वागते ते पाहावे लागेल.

काच आरसा केव्हा होते

साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८ टक्के परत पाठवते, दोन पृष्ठभागांचे मिळून. हे प्रमाण कमी वाटते. पण दुपारी रस्ता खिडकीच्या आतल्या भागापेक्षा कित्येक पटींनी उजळ असतो. त्या लख्ख उजेडाचे ८ टक्के आतल्या मंद साडीवर मात करतात. मग माणसाला साडी दिसत नाही, स्वतःचा चेहरा आणि मागची रिक्षा दिसते. संध्याकाळी हेच उलटे होते : बाहेर अंधार, आत दिवे, आणि काच जणू नाहीच. अनेक दुकानदार खिडकी रात्री सजवतात, रात्रीच पाहतात आणि खूश होतात. गिऱ्हाईक मात्र दुपारी येते.

उपाय तीन. पहिला म्हणजे काचेवर सावली : छज्जा, ताडपत्री किंवा हॉर्नबी रोडसारखी कमान. सावलीमुळे काचेलगतचा फुटपाथ आणि तिथे थांबलेला माणूस यांचा उजळपणा कमी होतो, म्हणून काचेतले त्यांचे प्रतिबिंब फिके पडते. दुसरा म्हणजे आतला दिवा दिवसाही चालू ठेवणे. तिसरा उपाय सहसा सुचत नाही : मागचा पडदा काळा किंवा गडद निळा ठेवू नये. गडद पडद्यापुढची काच उत्तम आरसा होते.

दिव्याची दिशाही महत्त्वाची. समोरून सपाट उजेड टाकला तर पैठणीची जर पिवळ्या कापडासारखी दिसते. दिवा वरून, एका बाजूने, तिरका टाकला तर काठाच्या वळ्यांवर जर चमकते आणि खोलगट भागात सावली पडते. कापडाचा पोत सावलीतून दिसतो. जुने दुकानदार पदर दाराशी नेऊन तिरका धरून दाखवत. ती समज पिढ्यांची होती, तीच आता दिव्याला शिकवायची आहे.

उंचीचा नियम सोपा : मुख्य वस्तू उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांच्या आसपास यावी. ओटा दोन फूट उंच असेल आणि त्यावर पूर्ण उंचीचा पुतळा ठेवला, तर रस्त्यावरच्या माणसाला निऱ्या दिसतात, पदर डोक्यावरून जातो.

आणि एका खिडकीत एकच गोष्ट सांगावी. पंधरा साड्या टांगल्या म्हणजे 'आमच्याकडे खूप आहे' एवढेच कळते. एक साडी, तिच्याशी जुळणारे खणाचे पोलके, शेजारी पितळी तांब्या एवढे ठेवले तर बघणारी बाई मनातल्या मनात एका कार्यक्रमाला जाऊन येते. खिडकीतला माल दर आठ-दहा दिवसांनी बदलावा, हे सौंदर्याइतकेच काटकसरीसाठीही. ऊन काचेतून आत येते आणि रंग उडवते. घडीच्या रेषेवर विटलेली साडी मग सेलमध्येच काढावी लागते.

सेल 'लागतो'

'सेल' हा शब्द मराठीत कसा वावरतो ते पाहण्यासारखे आहे. आपण 'सेल लागला' म्हणतो, जसा सिनेमा लागतो. म्हणजे मराठी कानाला सेल हा व्यवहार वाटत नाही, तो खेळ वाटतो, चार दिवसांचा. तो बारा महिने लागला तर लागणे या क्रियापदाचा अर्थच जातो. तीच गत 'सूट'ची. कापड दुकानावर 'सूटवर सूट' हा विनोद मी निदान दोन गावांत गंभीरपणे लिहिलेला पाहिला आहे. 'सवलत' हा शब्द सरकारी वाटतो, 'कपात' पगाराची वाटते. 'उतरता भाव' हा जुना शब्दप्रयोग मला आवडतो, पण आता तो कोणी लिहीत नाही.

सेलचा हंगामही उगाच ठरलेला नाही. आषाढी एकादशीला देव झोपतात, चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात. कापड बाजाराचा मोठा आधार लग्नसराई, ती संपलेली. पुढे गणपती, दसरा, दिवाळी, त्यासाठी नवा माल भरायचा तर फळ्या रिकाम्या हव्यात आणि हातात रोकड हवी. म्हणून पावसाळी सेल. तमिळनाडूत आडी महिन्यातले सेल प्रसिद्ध आहेत. त्यांचेही कारण तेच : तो महिना शुभकार्यांना वर्ज्य. या सेलच्या मागे एक खरे कारण होते आणि ते गिऱ्हाइकाला ठाऊक होते. म्हणून त्यावर विश्वास बसे. २०१४ च्या ऑक्टोबरात फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डेज' सुरू केले आणि सूट ऐन सणाच्या तोंडावर आली. ज्या दिवसांत छोट्या दुकानदाराला पूर्ण भाव मिळायचा, त्याच दिवसांत आता त्याला पाटी लावावी लागते. त्याच्याकडे कारण नसते, फक्त नाइलाज असतो. तो नाइलाज मग मोठमोठ्या अक्षरांत ओरडतो.

अक्षराचे माप

पाटी रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचे अक्षर. चाळीस फुटी रस्त्याच्या पलीकडून वाचायचे तर चार इंच. हा हिशेब रोमन मोठ्या अक्षरांचा आहे. देवनागरीला तो जसाच्या तसा लावला की फसगत होते. 'किमतीत' हा शब्द घ्या. वर वेलांट्या, खाली उकार आले तर त्यांची जागा, आणि मधे अक्षराचे अंग. चार इंचांच्या पट्टीत हे सगळे बसवले तर अंगाला दोन-अडीच इंचच उरतात. वाचकाला दुरून ओळखू येते ते अंग.

महाराष्ट्राने २०२२ साली दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून सर्व दुकानांना मराठी देवनागरी नामफलक बंधनकारक केला, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नसावे असे सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या सप्टेंबरात दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. पण पुष्कळ ठिकाणी संगणकावर दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला गेला, आणि मराठी ओळ कागदावर समान, डोळ्याला मात्र बारकी झाली. हाताने रंगवणारा पेंटर आधी सुतळीला खडू लावून शिरोरेषेची आणि पायाची अशा दोन रेघा मारी. माप त्या दोन रेघांमधले. मात्रा-वेलांट्या वर मोकळ्या सोडी. हीच रीत संगणकावरही पाळता येते.

दुसरा दोष ताणण्याचा. जागा उरली की अक्षर आडवे ओढायचे. त्याने उभ्या रेषा जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते, आणि 'ष' आणि 'प' दुरून सारखेच दिसू लागतात. त्याऐवजी रुंद घडणीचा टाइप निवडावा. मुंबईच्या एक टाइप या गटाचे 'मुक्त' आणि 'बलू' हे टाइप कोणालाही फुकट वापरता येतात. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी प्रत्येक नावाला त्याच्या स्वभावाचे अक्षर दिले. तेवढे सर्वांना जमणार नाही, पण न ताणणे सर्वांना जमते.

आकड्यांतही एक सापळा आहे. देवनागरी ४ घाईत रोमन आठसारखा दिसतो, आणि १ रोमन नवासारखा. एकाच पाटीवर दोन्ही प्रकारचे अंक मिसळले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. कोणतेही एक वळण धरावे. रुपयाचे चिन्ह मात्र दोन्हीकडे शोभते. २०१० साली स्वीकारलेल्या, उदयकुमार यांनी रेखाटलेल्या त्या चिन्हात देवनागरी 'र' आणि शिरोरेषा दोन्ही आहेत.

एकोणचाळीस आणि नव्याण्णव

किंमत नवावर का संपते? अमेरिकेत एरिक अँडरसन आणि डंकन सिमेस्टर या दोघांनी एका कपड्यांच्या दुकानाच्या टपाली सूचिपत्रांत एकच पोशाख वेगवेगळ्या प्रतींत ३४, ३९ आणि ४४ डॉलरना छापून पाहिला. ३९ चा ३४ पेक्षाही जास्त खपला. त्यांचे हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. डोळा पहिला आकडा धरतो आणि शेवटचा नऊ 'स्वस्त' अशी खूण करतो, असा त्याचा एक अर्थ लावतात.

मराठीत या युक्तीची एक गंमत आहे. आपण एकोणचाळीस म्हणतो, म्हणजे एक उणे चाळीस. एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद, सगळीकडे तेच. पाटीवरची युक्ती तोंडाने वाचली की आपली भाषाच ती फोडून सांगते : हे चाळीसच आहेत, एक कमी. अपवाद फक्त नव्याण्णवचा. आणि दुकानांना नेमका तोच आकडा सर्वांत प्रिय. चारशे नव्याण्णव म्हणताना पाचशेचा उच्चारही होत नाही.

याच दोघांचा २००१ सालचा आणखी एक अभ्यास प्रत्येक दुकानदाराने वाचावा असा आहे. सेलची चिठ्ठी लावल्याने त्या वस्तूचा खप वाढतो. पण जसजशा अधिक वस्तूंवर चिठ्ठ्या लागतात, तसतसा त्या चिठ्ठीचा परिणाम कमी होतो, आणि एका मर्यादेनंतर एकूण खपही घसरू शकतो. चिठ्ठी ही एक खबर असते : 'इथे थांबा, ही खरोखर संधी आहे.' सगळीकडेच खबर असली तर ती खबर राहत नाही. आमच्या गावात रोज भोंगा वाजू लागला तेव्हा लोकांनी घड्याळ लावणे सोडले नाही, भोंगा ऐकणे सोडले.

'पर्यंत' हा शब्द

आता पुन्हा कंसातल्या शब्दाकडे. आजची पाटी 'निवडक' लिहीत नाही, '५०% पर्यंत' लिहिते. पन्नास हातभर, 'पर्यंत' नखभर. इंग्रजीत ही अट आकड्याच्या आधी, सुटी उभी असते, म्हणून ती लहान करणे सोपे. मराठीने ती आकड्याच्या शब्दाला चिकटवली आहे : 'पन्नास टक्क्यांपर्यंत'. शब्दयोगी अव्यय तोडून लिहू नये, असे आपण शाळेत शिकलो. हा नियम शुद्धलेखनाचा वाटतो, पण बाजारात तो प्रामाणिकपणाचा आहे. एकच शब्द अर्धा हातभर आणि अर्धा नखभर लिहिता येत नाही. टक्क्याचे चिन्ह वापरून आपण तो शब्द तोडतो आणि पळवाट तयार करतो.

कायदाही आता हेच म्हणतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची व्याख्या इतकी ऐसपैस आहे, की प्रकाश, ध्वनी, धूर आणि वायू यांतून केलेली प्रसिद्धीही तीत येते. सूचना आणि चिठ्ठ्या तर येतातच. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांनुसार दावा ज्या भाषेत आणि ज्या अक्षरात, अटही त्याच भाषेत आणि त्याच अक्षरात हवी. आमिषाच्या जाहिरातीबद्दलही त्यांत स्पष्ट सांगितले आहे : त्या भावाला माल विकण्याची वाजवी शक्यता आणि पुरेसा साठा नसेल, तर तशी जाहिरात करू नये.

पण पाटी चांगली असण्याचे कारण कायदा नव्हे. चांगली पाटी तीन अंतरांवरून तीन गोष्टी सांगते. रस्त्यापलीकडून : इथे काहीतरी आहे. फुटपाथवरून : काय आहे, केवढ्याला. दाराशी : कशावर आहे, कशावर नाही, कधीपर्यंत. तिसऱ्या अंतरावरची अट पहिल्या अंतरावरच्या शब्दाला खोटे पाडत असेल तर माणूस दुकानात येतो, पण एकदाच. छोट्या दुकानाला एकदाच येणारे गिऱ्हाईक परवडत नाही. ऑनलाइन बाजाराशी त्याला भावात झुंजता येणार नाही. त्याच्याकडे उरते ती ओळख, आणि दारावर लिहिलेला शब्द.

दोन वर्षांपूर्वी एका मित्राच्या दुकानासाठी मी पुन्हा एकदा पाटी रंगवली, इनॅमल रंगाने, लाकडी फळीवर. मजकुरावर आमचा बराच वाद झाला. शेवटी ठरले : 'गेल्या वर्षीच्या सुती साड्या निम्म्या किमतीत. डाव्या हाताच्या फळीवरच्या. नारळी पौर्णिमेपर्यंत.' तिन्ही ओळी एकाच मापात. मित्र कुरकुरला, पाटी भरगच्च दिसते म्हणाला. लोक आत येत आणि काही न विचारता डाव्या हाताला वळत. आठवडाभरात ती फळी रिकामी झाली. मग त्याने पाटी स्वतःच उतरवली, पौर्णिमेची वाट न पाहता. विचारले तर म्हणाला, "माल संपल्यावर ती ठेवली, तर कोणीतरी वाचून येईल ना."